ओंडक्यावरचा तिसरा डाग

रोज पहाटे साडेपाचला पारुबाई दाराची कडी काढते. आधी बाहेर येतो तिचा खोकला, मागोमाग ती. बादलीतले गार पाणी ती तोंडावर मारते, शेळीखालच्या लेंड्या खराट्याने एका बाजूला सारते आणि सारता सारता शेळीला दोन शब्द ऐकवते. मग तुराट्यांचा भारा ओढत माझ्यापर्यंत आणते. एकेक तुराटी माझ्या माथ्यावर आडवी धरायची आणि कोयत्याने तिचे तीन तुकडे करायचे. पंधरावीस घाव झाले की चूल पेटण्यापुरते सरपण होते. चहा झाला की तिचा पितळी पेला माझ्यावर टेकतो. त्याच्या बुडाची वर्तुळे माझ्या अंगावर उमटलेली आहेत. सात वाजता तिचा नातू जगन माझ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधतो आणि औंढ्याला, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्याच्या दुकानात कामाला जातो. तो उठला की दिवसभर माझ्यावर कोंबड्यांचे राज्य.

मित्रांनो, असा हा मी, सागाचा एक जुना ओंडका. सहा वर्षांपूर्वीपर्यंत मी झाड होतो. शिरड शहापूरच्या अलीकडे जो डोंगर लागतो, त्याच्या या बाजूच्या पायथ्याला आमचा बंजाऱ्यांचा तांडा आहे आणि पलीकडच्या पायथ्याला दुसरे एक लहानसे गाव. मी अलीकडच्या उतारावर उभा होतो. लहानपणी दोनदा वणव्यात जमिनीपर्यंत जळालो आणि दोन्ही वेळा मुळातून पुन्हा फुटलो. साग जातीचाच हट्टी.

आमच्या वाढीची एक रीत आहे. पाऊस लागला की सालीच्या आत नवे लाकूड धरते. ते आधी मोकळे, मोठ्या छिद्रांचे असते. थंडीकडे ते दाट होत जाते आणि पाने गळाली की थांबते. असे एका पावसाळ्याचे एक वलय होते. आग अंगाला लागली तर तेवढी साल मरते. मग दोन्ही कडांनी नवे लाकूड सरकत येते आणि त्या जखमेवर ओठ मिटावेत तसे मिटते. बाहेरून काही दिसत नाही, पण आत तो काळा डाग आपल्या वलयाशी तसाच राहतो. विसरणे आम्हाला जमत नाही. झाकणे मात्र जमते.

माझ्या पोटात असे तीन डाग होते. पहिला मी मनगटाएवढा असतानाचा. दुसरा मोठ्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्याचा. तिसऱ्याची हकिकत तुम्हाला सांगायची आहे.

माझ्यापासून पंधरा पावलांवर, खालच्या अंगाला, एक मोहाचे झाड होते. तांड्यात घरागणिक मोह वाटलेले असत आणि हा मोह पारुबाईचा नवरा सेवा याच्या घरचा. फुले गळायच्या आधी मोहाखालचा पालापाचोळा साफ करावा लागतो, नाहीतर पहाटे पडलेली फुले पाल्यात हरवतात. साफ करायची जुनी पद्धत म्हणजे पाला पेटवून देणे. वारा नसलेली पहाट धरायची, हातात पळसाची ओली फांदी ठेवायची, जाळ झाडाच्या घेराबाहेर जाऊ लागला की बडवून विझवायचा आणि शेवटची ठिणगी पायाने चिरडूनच घरी जायचे. सेवा हे फार जपून करी. राखेवर घागर ओतल्याशिवाय तो कधी उतरला नाही.

फुले वेचायला दोघी येत. इकडून पारुबाई आणि डोंगर ओलांडून पलीकडच्या गावच्या बौद्धवाड्यातली केशरबाई. दोघी एकाच साली सासरी आलेल्या. केशरबाईच्या घरी मोह नव्हता, म्हणून पारुबाईने तिला आपल्या मोहाखाली बोलावले होते. वेचून झाले की वाटणीची त्यांची एक रीत होती. एकीने दोन वाटे करायचे, दुसरीने त्यातला एक उचलायचा. एक दिवस हिने करायचे, एक दिवस तिने. त्यामुळे वाटे नेहमी बरोबर पडत आणि तरीही रोज एक भांडण होई.

"तू माज्याकडं मुद्दाम मोठा सारून राहिली," केशरबाई म्हणे.

"उचल की मंग धाकला. तुला डोळे दिले न्हाई का देवानं?"

माझ्या फांद्यांवरचे पक्षीसुद्धा त्या आवाजांना सरावले होते.

मग ते वाईट साल आले. होळी होऊन आठ दिवस झाले होते. पहाटे सेवाने मोहाखाली पाला जाळला, विझवला, घागर ओतली, तो उतरला. मी पाहत होतो. दुपारी उन्हाचा वारा सुटला आणि डोंगराच्या पलीकडून धूर वर येताना दिसला. संध्याकाळपर्यंत पलीकडचा सगळा उतार आणि माथ्यावरचे गवत जळून गेले. त्या उताराच्या पायथ्याशी केशरबाईचा गोठा होता. गोठा जळाला आणि दाव्याला बांधलेली बैलजोडीही गेली.

दुसऱ्या दिवशी लोक आले. त्यांनी मोहाखालचा काळा घेर पाहिला, माथ्यावरचे काळे गवत पाहिले. मधला न जळालेला पट्टाही त्यांच्या डोळ्यांसमोर होता, पण ते म्हणाले, ठिणगी उडाली असेल. सेवाने शपथा घेतल्या, पण कुणी ऐकले नाही. शेवटी त्याला केशरबाईच्या दारात उभे केले. तिच्या गेलेल्या बैलांकडे पाहून त्याने हात जोडले आणि न केलेल्या गोष्टीची माफी मागितली. 'आगलाव्या' हे नाव त्याला त्या दिवशी पडले, ते त्याच्या तिरडीपर्यंत सोबत गेले.

त्यानंतर केशरबाई मोहाखाली आली नाही. सेवाही डोंगर चढला नाही. पण पुढच्या वर्षी फाल्गुनात पारुबाई एकटीच वर आली. घरी तीन लेकरे होती आणि वाळवलेल्या मोहावर उन्हाळ्याचे दोन महिने निघत. तिने कधी एकटीने पाला पेटवला नव्हता. कुणी पाहू नये म्हणून ती पहाटे आली नाही, माणसे शेतात गेल्यावर आली. तोवर वारा उठला होता.

जाळ माझ्यापर्यंत आला. पारुबाईने फांदीने बडवला, फांदी पेटली तशी ओढणीने बडवला, ओढणी जळू लागली तशी हातांनी माती लोटली. आग विझली. माझ्या बुडाशी वीतभर साल मेली आणि तिच्या उजव्या तळहाताची कातडी गेली. घरी तिने सांगितले, तव्याने भाजले. मोह तिने पुन्हा कधीच वेचला नाही. पुढे तांड्यात कुणी डोंगरात काडी ओढली की सगळ्यात आधी ओरडणारी पारुबाईच असे. तिच्या या कडकपणाचे लोकांना कौतुक होते. मला त्याचे कारण माहीत होते, पण झाडाला तोंड नसते.

काळ गेला. सहा वर्षांपूर्वी वैशाखातल्या वादळात मी मुळासकट आडवा झालो. पलीकडच्या उतारावरचे दोन सागही त्याच वादळात पडले. माझे सरळ खोड वनखात्याच्या गाडीतून गेले. पलीकडच्या सागांचीही तीच गत झाली. आम्हा तिघांचे बुडखे तेवढे मागे राहिले. "डागी हाये, याला कोन इचारतंय," असे म्हणून रखवालदाराने माझा बुडखा जगनला नेऊ दिला. अशा रीतीने मी या अंगणात आलो आणि सरपण फोडण्याच्या कामाला लागलो.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी अंगणाबाहेर स्कूटी थांबली. पाठीवर मोठी पिशवी, हातात टेप, अशी पंचविशीतली एक मुलगी आत आली.

"जय सेवालाल, आजी."

पारुबाईने तिच्याकडे निरखून पाहिले. "जय भीम, बाई. कोनाची गं तू?"

"पलीकडच्या गावची. ज्योती. केशरबाईची नात."

माझ्यावर टेकलेला पितळी पेला पारुबाईच्या हाताने उचलला गेला आणि न पिताच पुन्हा टेकला.

ज्योती नांदेडला विद्यापीठात शिकत होती. या डोंगरावर कोणत्या साली वणवा लागला, कुठून कुठे गेला, हे झाडांच्या वलयांवरून शोधायचे तिचे काम होते. पलीकडच्या दोन बुडख्यांच्या चकत्या तिने कापून नेल्या होत्या. अलीकडच्या उताराचा एकही साग तिला मिळाला नव्हता. जगनने दुकानात कुणाशी तरी बोलताना माझा उल्लेख केला होता, तो फिरत फिरत तिच्या कानी गेला होता.

"मला फक्त तीन बोटे जाडीची चकती पाहिजे," ती म्हणाली. "बाकीचा ओंडका तुमचा तुम्हाला."

जगन तर हरखून गेला. आजोबाला तो दादा म्हणे. "दादी, देऊन टाक! दादाचं नाव धुवून निघंल."

"धुवून निघंल का आनखी काळं व्हईल, कोनाला ठावं?" पारुबाई उठून घरात गेली.

तिला दुसऱ्या दिवशीपर्यंत होकार देता आला नाही. तिला कशाची भीती वाटत होती, ते अंगणात एकट्या मला कळत होते. शेवटी म्हणाली, "ने. पर जे निघंल ते हितंच येऊन सांग. माज्या तोंडावर."

करवतीचे एक टोक जगनने धरले, दुसरे ज्योतीने.

"ताई, तुमी पीएचडी करून राहिल्या का सुतारकी?"

"आधी सुतारकीच करावी लागते, दादा. नीट ओढा, तिरपी चालली तुमची बाजू."

माझा एक भाग गोणपाटात गुंडाळून नांदेडला गेला. घासून, चकचकीत होऊन तो माघात परत आला. त्या दिवशी अंगणात शेजारपाजारचे आठदहा जण जमले होते. तांड्याचे म्हातारे नाईक नरसिंगही काठी टेकत आले होते. ज्योतीने चकती माझ्यावरच ठेवली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"हे झाड कधी पडलं ते आपल्याला माहीत आहे," ती हळू बोलू लागली. "आणि त्या मोठ्या वणव्यापासून झाड पडेपर्यंत तेहेतीस पावसाळे झाले. मी सालीकडून आत मोजत आले. हा डाग बघा. त्याच्या बाहेर बरोबर तेहेतीस वलये आहेत." तिने बोट डागावर टेकवले. "म्हणजे त्या साली मोहाखालचा जाळ या झाडापर्यंत आला होता. तो आवरला गेला नव्हता."

"आमी काय येगळं सांगत व्हतो?" नरसिंग नाईक म्हणाले. "उगं लाकूड कापलं."

जगन उठला आणि बूट न घालताच बाहेर गेला.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्याच अंगाची साक्ष माझ्यासमोर खोटी पडत होती. एक वलय तिने जास्त मोजले होते. मी ओंडका, कसा सांगणार? सांगू शकणारी एकच व्यक्ती अंगणात होती आणि ती गप्प होती. ती गप्प राहिली असती तर तिला कुणी काही म्हणणार नव्हते. जळालेल्या नावाचा माणूस तर केव्हाच गेला होता.

तीन दिवस पारुबाईने माझ्यावर तुराटी तोडली नाही. गुडघ्यावर मोडली. चौथ्या पहाटे ती आली, उजवा तळहात माझ्या कापलेल्या अंगावर ठेवून बराच वेळ बसली. शेळी ओरडत राहिली. जगन उठला तेव्हा ती म्हणाली, "त्या पोरीला फोन लाव. म्हनावं, मोजनीत चूक हाये. ते लाकूड घेऊन ये."

ज्योती दुपारीच आली. नाईकांनाही पारुबाईने निरोप धाडला होता.

"माजी धाकली लेक रुपा जल्मली ते साल दाव मला याच्यात," पारुबाई म्हणाली.

ज्योतीने रुपाच्या वयाचा हिशोब करून टाचणीचे टोक एका वलयावर ठेवले.

"त्या साली दुबार पेरनी झाली. मिरगाचा पाऊस लागला, मंग सव्वा महिना थेंब न्हाई. मी बाळंतीन व्हते, दारातून डोंगर दिसायचा. सागाची पानं ऐन पावसाळ्यात गळली. मंग श्रावनात पाऊस आला अन् सागाला पुन्यांदा पालवी फुटली. रुपाच्या बारशाला त्या कवळ्या पानांनी माजी बोटं लाल झाली व्हती. येका सालात दोनदा वाढलं झाड. तू दोन सालं धरली का त्याची?"

ज्योतीने पिशवीतून भिंग काढले, चकतीवर पाण्याचे बोट फिरवले आणि ओणवी झाली. किती तरी वेळ ती तशीच होती. कोंबडी तिच्या पिशवीत डोकावून गेली तरी तिला कळले नाही.

"खऱ्या वलयाची कड सुरीने कापल्यासारखी असते," अखेर ती म्हणाली. "ही पुसट आहे. हे खोटं वलय आहे, आजी. एकाच पावसाळ्याचं. मी... तेहेतीस आकडा जुळला तशी मोजायची थांबले. पुन्हा पाहायलाच हवं होतं. मला लहानपणापासून जे सांगितलं होतं तेच निघालं, म्हणून मी पाहिलं नाही."

"मंग आता किती?" जगनने विचारले.

"बत्तीस. हा डाग मोठ्या वणव्याचा नाही. पुढच्या सालचा आहे." तिने एकदम मान वर केली. "आणि पलीकडची ती दोन झाडं! त्यांच्या डागाबाहेर मी चौतीस मोजले होते. मला वाटलं, एक साल आधीची दुसरीच आग असेल. तेव्हाही मनाला खुपलं होतं, की गोठा त्या बाजूला जळाला, मग त्या सालचा डाग तिथल्या झाडांना कसा नाही? त्यांच्यातलंही हे खोटं वलय वजा केलं तर तेहेतीस होतात. तोच मोठा वणवा. आणि त्यांच्या जखमा सगळ्या खोडाच्या माथ्याकडच्या अंगाला आहेत. आग उतारावर चढत जाते तेव्हा जाळ खोडाला वळसा घालून त्या बाजूला रेंगाळतो आणि जखम तिथे होते. म्हणजे आग माथ्यावरून खाली आली नाही. ती पलीकडच्या पायथ्यापासून वर चढली. मोहाकडून गेलीच नाही."

 मग नाईकांनी काठी आपटली. "पर पारू, पुढच्या साली तर सेवा डोंगरावर गेलाच न्हाई. मंग ह्यो डाग कोनाचा? अन् साल चुकलं, हे तुला कसं कळलं?"

पारुबाईने उजवा तळहात उघडून सगळ्यांसमोर धरला. गुळगुळीत, रेषा नसलेला.

"डाग माजा हाये. मी लावली व्हती. येकटीनं, भर वाऱ्यात. डाग कवाचा ते मला ठावं, म्हनून तीन दिस हुडकून राहिले, की हिच्या मोजनीत जास्तीचं साल घुसलं कुठून."

"तव्यानं भाजलं म्हनायचीस तू," जगन पुटपुटला. मग त्याचा आवाज चढला. "अन् काहून गप राहिली इतकी सालं, दादी? दादाला लोक काय काय बोलले!"

"येका घरात दोन आगलावे कोनाला झेपले असते, लेकरा? आदी भ्याले. मंग तेचीच सवय झाली." तिने हात पदराखाली घेतला. "त्यो मातर विझवून आला व्हता. रोज सांगायचा. मीबी आतून पुरता इश्वास ठेवला न्हाई. मपल्या हातून सुटली तशी त्याच्या हातूनबी सुटली असंल, असंच वाटायचं."

नरसिंग नाईक उठले. जाताना फाटकापाशी थांबले, पाठ फिरवूनच म्हणाले, "सेवाला दारात उभं केलं तवा हात धरून नेनारा मी व्हतो." आणि निघून गेले.

ज्योती चकती गुंडाळत होती. "आजी, ती आग नेमकी कुणाची, हे झाड सांगत नाही. फक्त कुठून आली ते सांगतं. मी घरी आजीला सांगू ना?"

"मोजनीचं सांग. डागाचं नको. त्ये माजं काम हाये."

मित्रांनो, ती चकती आता नांदेडला काचेखाली असते म्हणे. ज्या डागापायी लाकूडबाजारात मला कुणी विचारले नाही, तो डाग पाहायला आता विद्यार्थी येतात. मला त्याचे सुख आहे, पण फार नाही. तो एक आकडा चाळीस वर्षे आधी कुणी नीट मोजला असता तर एका माणसाचे आयुष्य वेगळे गेले असते. तुम्ही डोंगरात जाल तेव्हा काडी तर ओढू नकाच. पण कुणाकडे बोट दाखवायची वेळ आली तर आणखी एक करा. आकडा मनासारखा जुळला की तिथेच थांबू नका. पुन्हा एकदा मोजा, आणि ते साल ज्यांनी पाहिले त्यांना विचारा.

होळी झाली. चैत्र लागला. एका पहाटे साडेपाचला कडी निघाली, पण खोकला माझ्याकडे आला नाही. पारुबाईने खराटा खांद्यावर घेतला, कमरेला काडेपेटी नाही हे चाचपून पाहिले आणि ती डोंगराच्या वाटेला लागली. असे ती पाच दिवस गेली. मोहाखालचा पाला तिने झाडून झाडून घेराबाहेर काढला, हे तिच्या केसांत अडकलेल्या काड्यांवरून मला कळले. सहाव्या दिवशी ती आली ती ओटीभर फुले घेऊन. इतक्या वर्षांनी तो गोड, जड वास माझ्यापर्यंत आला.

तिने दोन टोपल्या माझ्यावर ठेवल्या. ओंजळ इकडे, ओंजळ तिकडे. एकदा डावीकडची थोडी फुले उजवीकडे टाकली, पुन्हा त्यातली दोन परत आणली. मग लांब होऊन डोळे बारीक करून पाहिले.

जगन नाडी बांधायला आला आणि थांबला. "दादी, यातली आपली कोन्ती?"

"मला काय ठावं," पारुबाई म्हणाली. "वाटे म्या केले. उचलायचं केशरनं."

तिने एक टोपली डोक्यावर घेतली आणि दुसरीला हात घातला. जगनने ती दुसरी तिच्या हातून काढून आपल्या कडेला घेतली. दुकानाची वेळ झाली होती, तरी त्याने बुटाची नाडी तशीच सुटी ठेवली. दोघे फाटकातून बाहेर पडले आणि माथ्याकडे जाणाऱ्या वाटेने, पलीकडच्या गावाला निघाले.